एकसष्टावी गाडी

खुर्ची होती, माणूस नव्हता.

फाटकाबाहेरच्या फुटपाथवर घडीची खुर्ची. पाठीला अडकवलेली कापडी पिशवी, पिशवीत चहाचा थर्मास. बसायच्या जागेवर बोटानं दाबायचं छोटं मोजणीयंत्र, त्यावर आकडा एकसष्ट. नोंदींची वही मात्र कुठेच नव्हती.

नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. हातातला डबा सावरत ती खुर्चीसमोर उभी राहिली.

ती बसवर कंडक्टर होती. आज दुसरी पाळी, म्हणून सकाळ मोकळी. बाबा डबा घरीच विसरलेले दिसले तशी ती तडक निघाली. नऊच्या आत पोचायलाच हवं होतं. पण बस याच रस्त्याच्या चौकात पंधरा मिनिटं अडकून पडली. शेवटी उतरून ती चालत सुटली.

बाबांनी वाहतूक खात्यात चाळीस वर्षं गाड्या मोजल्या. निवृत्त झाल्यावरही मोजणीच्या दिवशी खातं त्यांनाच बोलवायचं. लोक त्यांना मास्तर म्हणत. आठ ते दहा मोजणी म्हणजे आठ ते दहा मोजणी. आभाळ कोसळलं तरी हा माणूस खुर्ची सोडायचा नाही.

फाटकाशेजारच्या केबिनमध्ये वॉचमन बसला होता.

"दादा, इथले मास्तर कुठे गेले?"

"बसलेत की तिथेच."

"नाहीत."

तो बाहेर आला. केबिन आणि खुर्चीच्या मध्ये इमारतीच्या नावाचा जाडजूड खांब होता. वळून आल्याशिवाय खुर्ची दिसायची नाही. रिकामी खुर्ची पाहून त्याचा चेहरा उतरला.

"मघाशी तर होते!"

"मघाशी म्हणजे किती वाजता?"

ते काही त्याला सांगता येईना.

ती तशीच आत धावली. तळमजल्यावरच्या प्रशस्त दालनात लिफ्टसाठी माणसं उभी होती. तिनं लाजलज्जा सोडून आवाज चढवला. "ऐका हो! बाहेर गाड्या मोजणारे माझे बाबा सापडत नाहीत. त्यांना मधुमेह आहे. सातला इन्सुलिन घेतलंय, पोटात दोन बिस्किटं आहेत फक्त. नऊला खाल्लं नाही तर त्यांची साखर उतरते, शुद्ध जाते. कोणी पाहिलंय का त्यांना?"

इमारतीचा व्यवस्थापक धावत आला. त्याच्यामागून एक नीटनेटका, मृदू बोलणारा गृहस्थ पुढे झाला. त्यानं तिला खुर्ची दिली, कुठूनसा चहाचा कप आणून हातात ठेवला.

"घाबरू नका, ताई. मी नऊच्या सुमारास वरच्या खिडकीतून पाहिलं त्यांना. रस्ता ओलांडून पलीकडच्या चहाच्या दुकानाकडे जात होते."

"नक्की तेच?"

"तेच. येतील एवढ्यात."

वॉचमन तिच्या कानाशी पुटपुटला, "आमचे आदर्श साहेब आहेत हे. सातव्या मजल्याचे." आणि त्यानं भिंतीवरच्या पितळी पाटीकडे बोट दाखवलं. 'आदर्श भाडेकरू' अशी अक्षरं, खाली सातव्या मजल्यावरच्या कंपनीचं नाव.

चहाचा घोटही न घेता ती रस्त्यापलीकडे पळाली. दुकानदारानं मान हलवली. असं कोणी आलं नव्हतं. शेजारचं औषधांचं दुकान, बसथांबा, बागेची बाकं, सगळं पालथं घातलं. परत येऊन तिनं उगाचच थर्मास उघडला. काठोकाठ भरलेला होता. तिनं झाकण लावलं आणि पोलिसांना फोन केला.

इन्स्पेक्टर साडेनऊच्या आत आला. पोक्त, जाड मिशांचा, सर्दीनं हैराण झालेला माणूस. त्यानं दोन शिपायांना इमारत धुंडाळायला पाठवलं आणि व्यवस्थापकाला समोर घेतलं.

"मास्तरांचं इथं कोणाशी वैर?"

"माणसाशी नाही, साहेब. मोजणीशी वैर सगळ्यांचंच."

"म्हणजे?"

"हा रस्ता बघताय ना? इमारतीला परवानगी देतानाच पालिकेनं अट घातली. भाडेकरारात तसं कलम आहे. प्रत्येक भाडेकरूनं सकाळी आठ ते दहा आपल्या माणसांच्या गाड्या ठरलेल्या आकड्याच्या आत ठेवायच्या. माणसांना बसनं आणा, सायकलवर आणा, कामाच्या वेळा मागेपुढे करा, तुमचं तुम्ही बघा. गाडीवर हिरवा स्टिकर आणि आत निदान तिघं असतील, तर ती गाडी धरत नाहीत. बाकी प्रत्येक गाडी धरतात. वर्षातून तीनदा मोजणी, तारीख आधी कळवून."

"आकडा ओलांडला तर?"

"तिन्ही वेळा ओलांडला तर पार्किंग जातं. करारही मोडू शकतो."

"कोणी ओलांडलाय?"

व्यवस्थापक घुटमळला. "विमा कंपनीनं. दोनदा. आज तिसरी मोजणी."

"आणि हिरवे स्टिकर?"

"ते फक्त सातव्या मजल्याकडे. बाकीच्यांना एका गाडीत तिघं जमवणं जमलंच नाही. यांनी करून दाखवलं."

आदर्श साहेबांनी संकोचून हात जोडले. "माणसांना समजावून सांगावं लागतं, एवढंच."

वॉचमन मध्येच बोलला. "साहेब, विमा कंपनीच्या बाई साडेआठला मास्तरांशी कडाकडा भांडत होत्या. माझ्या केबिनपर्यंत आवाज येत होता."

इन्स्पेक्टरनं रुमालात धरलेलं मोजणीयंत्र वर केलं. "एकसष्ट. म्हणजे एकसष्ट गाड्या झाल्यावर मास्तर उठले. फाटकाच्या दांड्यापाशी प्रत्येक गाडीची वेळ नोंदली जाते ना? आठपासूनची एकसष्टावी गाडी काढा."

व्यवस्थापकानं संगणकावर पाहिलं. "आठ पस्तीस."

"त्या वेळी तुम्ही दोघं कुठे?"

"नवव्या मजल्यावर मालकांची बैठक होती. सव्वाआठ ते पावणेनऊ. आम्ही दोघंही होतो. नंतर मी इथेच, याच टेबलाशी."

"मी माझ्या जागेवर गेलो," आदर्श साहेब म्हणाले.

"बोलवा त्या विमाबाईंना."

विमाबाई आल्या त्या तोफेसारख्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, श्वास लागलेला.

"भांडलात तुम्ही?"

"भांडले. का नाही भांडणार? शंभर माणसांपैकी चाळीस जणांना बसवर वळवलं मी. पाया पडून! तरी आकडा चारानं चुकतो आणि हे दर वेळी शांतपणे लिहून घेतात."

"मास्तर काय म्हणाले?"

"म्हणाले, बाई, मी नाही तुमच्या गाड्या आणल्या."

"मग?"

"मग काय, मी गाडी लावली आणि वर गेले."

"कोणी पाहिलं?"

"लिफ्टच्या आरशानं."

इन्स्पेक्टर हसला नाही. त्यानं विमाबाईंना तिथेच बसायला सांगितलं.

कंडक्टरबाईला तिथे उभं राहवेना. घड्याळाचा काटा टोचत होता. पावणेदहा. आता बाबांचे हात थरथरत असतील, घाम फुटला असेल. हे लोक वेळा जुळवत बसलेत आणि बाबा कुठेतरी... ती बाहेर येऊन खुर्चीपाशी उभी राहिली. नकळत डोकी मोजू लागली. बारा वर्षांची सवय. बसमध्ये चढल्यावर आधी डोकी मोजायची, मग तिकिटांशी ताळा घालायचा. डोकी चुकली की कोणीतरी बिनतिकीट.

हिरव्या स्टिकरची गाडी. आत एक.

हिरवा स्टिकर. एक.

पुन्हा हिरवा. पुन्हा एक.

सहा गाड्या गेल्या. सहाही गाड्यांत फक्त चालवणारा. ती केबिनकडे धावली.

"दादा, या हिरव्या गाड्या अशाच येतात? एकेकट्या?"

"छे हो! सकाळी सगळ्या भरून येत होत्या. मागच्या सीटवर दोघं-तिघं दाटीवाटीनं."

"मग एकट्या केव्हापासून?"

वॉचमननं डोकं खाजवलं. "एकाची मी थट्टा केली. म्हटलं, आज मित्र रुसले वाटतं? तो हसलाच नाही. राखाडी गाडी होती."

"ती किती वाजता आली, संगणकात बघता येईल?"

"बघूया की." त्यानं केबिनमधल्या संगणकावरच्या नोंदी चाळल्या. "ही बघा. आठ अठ्ठावन्न."

"त्याच्या आधीच्या सगळ्या भरलेल्या?"

"सगळ्या. मी खूप हसलो आज. त्यांच्यातल्या दोन बायकांचे हात प्लॅस्टरमध्ये. एक पांढऱ्या गाडीत, एक लाल गाडीत. म्हटलं, सातव्या मजल्यावर हात मोडायची साथ आली की काय!"

 ती वळली आणि आत धावत सुटली.

आदर्श साहेब व्यवस्थापकाला धीर देत उभे होते. तिनं धापा टाकत त्यांनाच विचारलं, "तुमच्या कंपनीत किती जणींचे हात मोडलेत?"

"एकीचा. का हो?"

"सहज," ती म्हणाली आणि इन्स्पेक्टरकडे वळली. "साहेब, बेसमेंट. बेसमेंटमधून मागच्या गल्लीत जायची वाट आहे का?"

"शिपायांनी बेसमेंट पाहिलंय."

"कुलपं उघडून पाहिलं?"

इन्स्पेक्टरनं व्यवस्थापकाकडे पाहिलं. व्यवस्थापक म्हणाला, "मागचा जिना आहे, गल्लीत उघडतो. त्याच्या बाजूला सायकलघर. तेही कलमातच आहे, सायकली ठेवायला जागा द्यायचीच. पण सायकलनं येतो कोण? जुनी टेबलं पडलीत तिथे. महिनोनमहिने उघडलेलं नाही."

"किल्ली?"

"प्रत्येक मजल्याला एकेक दिलीय. माझी वर कपाटात आहे, आणायला पाच मिनिटं..."

"तुमची?" तिनं आदर्श साहेबांना विचारलं.

"आमची कधीच हरवली."

"ही घ्या," विमाबाई म्हणाल्या. त्यांनी पर्स उपडी केली. पावत्या, गोळ्या, कंगवा आणि त्यात चिठ्ठी बांधलेली एक किल्ली. "पुढच्या महिन्यात चार सायकली घेतेय मी. चला, बघत काय बसलात!"

सायकलघराचं कुलूप लगेच उघडलं. आत अंधार, कुबट वास. इन्स्पेक्टरनं दिवा लावला. उलट्या टेबलांच्या मागे बाबा भिंतीला टेकून कलंडले होते. सदरा घामानं भिजलेला, डोळे अर्धवट मिटलेले, ओठ नुसतेच हलत होते. दारावर आतून मारून मारून त्यांच्या मुठी सोलवटल्या होत्या.

"बाबा!"

विमाबाईंनी उलट पावली धावत जाऊन कोणाकडून तरी साखरेची पुडी, पाणी आणि चमचा आणला. घोटभर पाण्यात कालवून कंडक्टरबाईनं ती चमच्या-चमच्यानं बाबांच्या तोंडात घातली. "गिळा, बाबा. हं, अजून एक." बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांचा हात हलला, तिच्या मनगटाभोवती बोटं आवळली गेली.

त्यांना वर आणून दालनातल्या कोचावर निजवलं. रुग्णवाहिका निघाली होती, पण चौकात अडकली होती. इन्स्पेक्टरनं दोन्ही शिपायांना रस्ता मोकळा करायला पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"कोणी कुठे जायचं नाही. ताई, तुम्हाला सायकलघर सुचलं कसं?"

बाबांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ती तिथूनच बोलली.

"आधी चहाचं सांगते. थर्मास भरलेला होता. घरचा बिनसाखरेचा चहा समोर असताना माझे बाबा दुकानात कशाला जातील? तेव्हा मला वाटलं, साहेबांचा पाहण्यात घोटाळा झाला असेल. मग मी हिरव्या गाड्या पाहिल्या. एकेकच माणूस. आणि वॉचमनदादा म्हणाले, सकाळी सगळ्या भरून येत होत्या. आठ अठ्ठावन्नपासून एकट्या येऊ लागल्या. बाबा नाहीत हे मला नऊ दहाला कळलं. केबिनमधल्या दादांनाही माझ्यामुळेच कळलं. मग त्या गाडीवाल्यांना बारा मिनिटं आधी कोणी सांगितलं, की आता मोजणारं कोणी नाही, माणसं भरायची गरज नाही?"

तिनं बाबांच्या कपाळावरचा घाम पुसला.

"जो बाबांना खुर्चीवर परत येऊ देणार नव्हता, त्यानंच."

"पण मास्तर तर आठ पस्तीसलाच उठले," व्यवस्थापक म्हणाला. "एकसष्टावी गाडी..."

"ती फाटकाच्या दांड्याची एकसष्टावी. बाबांची नव्हे. तुम्हीच सांगितलंत ना, हिरवी गाडी भरलेली असली तर धरायची नाही? मग बाबा यंत्र दाबतील कशाला? हिरव्या गाड्या सोडून मोजा."

व्यवस्थापक संगणकावर वाकला. बोटं पडद्यावरून सरकली. "हिरव्या चोवीस सोडल्या तर... एकसष्टावी आठ बावन्नला."

"आठ बावन्न," इन्स्पेक्टर म्हणाला. "म्हणजे बैठक संपून सात मिनिटं झालेली."

"हो. आता हात मोडलेल्या बाई. दोन गाड्यांत दिसल्या, पण कंपनीत आहे एकच. म्हणजे तीच बाई पुन्हा पुन्हा आत येत होती. गाडी बेसमेंटमध्ये गेली की उतरायचं, मागच्या जिन्यानं गल्लीत, गल्लीतून कोपऱ्यावर, पुढच्या गाडीत बसायचं. तिघांची गाडी तयार! दर वेळी हेच चाललं असणार, मोजणीच्या दिवसापुरतं. आज नेमकं प्लॅस्टर आडवं आलं. साध्या चेहऱ्यांनी फसवता येतं, प्लॅस्टरनं नाही. बाबांनी ते ओळखलं आणि खात्री करायला त्याच वाटेनं मागे गेले. म्हणून मी बेसमेंट म्हटलं. त्या वाटेवर बंद दार एकच होतं."

इन्स्पेक्टरनं सातव्या मजल्यावरच्या त्या बाईंना खाली बोलावलंच होतं. प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून ती दाराशी उभी होती.

"किती फेऱ्या मारल्यात?"

"चार, साहेब. आम्ही बारा जण होतो. नोकरीचा प्रश्न आहे म्हणाले, पार्किंग गेलं तर कंपनी इथून उठेल."

"मास्तरांना पाहिलंत?"

"जिन्यात. साहेबांशी बोलत होते. वही दाखवत होते." तिला रडू फुटलं. "साहेबांनी आम्हाला वर पाठवलं. म्हणाले, फेऱ्या बंद, सगळ्यांना फोन करून सांगा. पुढचं मला माहीत नाही हो!"

सगळ्यांच्या नजरा आदर्श साहेबांवर खिळल्या. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशातून इन्स्पेक्टरनं आधी बाबांची निळी वही काढली, मग एक किल्ली. हरवलेली.

"मला त्यांना काही करायचं नव्हतं," ते म्हणाले. आवाज अजूनही मऊच होता. "नुसतं आत ढकललं आणि कुलूप लावलं. दहा वाजेपर्यंत. मोजणी संपली की उघडणार होतो, हातापाया पडणार होतो. सातव्या मजल्यावर दीडशे माणसं आहेत, बाई. त्यांचा विचार केला मी."

"आणि इन्सुलिनचं मी इथे ओरडून सांगितलं तेव्हा?"

ते कोटाची बटणं लावू लागले.

"नऊ दहाला तुम्हाला कळलं की तो माणूस आत मरेल. किल्ली खिशात होती. तुम्ही चहा आणून माझ्या हातात ठेवलात आणि मला रस्त्यापलीकडे पाठवलंत."

"मला वाटलं... थोडाच वेळ राहिलाय." त्यांनी पहिल्यांदाच कोचाकडे पाहिलं. "वाचतील ना ते?"

"हा प्रश्न तासाभरापूर्वी विचारायचा होता," इन्स्पेक्टर म्हणाला आणि त्यानं त्यांच्या दंडाला धरलं.

रुग्णवाहिका काही फाटकापर्यंत येऊ शकली नाही. विमाबाईंनी आपल्या कार्यालयातली चाकांची खुर्ची आणवली आणि बाबांना त्यात बसवून सगळ्यांनी चौकापर्यंत नेलं.

दुपारी दवाखान्यात त्यांची साखर ठिकाणावर आली. बोलायला लागले तशी कंडक्टरबाईनं आगाराला फोन करून आजची रजा टाकली आणि पलंगाशी येऊन कंबरेवर हात ठेवले.

"चाळीस वर्षांत कधी खुर्ची सोडली नाहीत. आज कसली अवदसा आठवली?"

"लिहिण्याआधी खात्री करायला नको? उगाच कुणावर आळ नको यायला."

"खात्री! आणि तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

बाबा ओशाळले. सोलवटलेल्या मुठी त्यांनी पांघरुणाखाली लपवल्या. "तो म्हणाला, मास्तर, आत या, सगळे कागद दाखवतो. मी गेलो. इतकं गोड बोलत होता गं."

तिला ओरडायचं होतं.  पण तिनं पांघरुणाखालून त्यांचा हात बाहेर काढला, फुंकर घालत घालत त्यावर मलम लावू लागली आणि मग तिला रडू आवरेना.